कपाटातली बंदूक आणि बाहेरची साथ

बँकेच्या नोकरीत बंदुकीशी माझी पहिली ओळख झाली ती तालुक्याच्या एका शाखेत. दारात स्टूल टाकून एक निवृत्त हवालदार दुनळी बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसत. गावातली पोरं त्या बंदुकीला घाबरत आणि आम्ही अधिकारी तिच्या कागदपत्रांना. परवाना, नूतनीकरण, काडतुसांची नोंद, वर्षातून एकदा चांदमारी. एका तपासणीत वरिष्ठांनी काडतुसं बघायला मागितली. हवालदारांनी पट्ट्यातून एक काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या पितळी बुडाला हिरवा गंज चढला होता. साहेब संतापले. हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, हे उडवायची वेळ आली तर आपण आधीच हरलेलो असू. माझं काम ती वेळ येऊ न देण्याचं आहे."

काडतुसं बदलली गेली, शेरा लिहिला गेला. हवालदारांचं ते वाक्य मात्र कुठल्याच रजिस्टरात नोंदलं गेलं नाही. ते आठवायला मला २०२० साल उजाडावं लागलं.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ राहतात. वयाने माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पोरं 'बंदूकवाले आजोबा' म्हणतात. भोसरीला त्यांचा लहानसा कारखाना होता. दर शनिवारी कामगारांचा पगार रोख घेऊन जावं लागे, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. पुढे पगार खात्यात जमा होऊ लागले, कारखानाही मुलाने दुसऱ्याला चालवायला दिला, पण रिव्हॉल्व्हर कपाटात राहिलं. त्यातूनच त्यांना नेमबाजीचा नाद लागला. छऱ्याची रायफल आणली. आठवड्यातून दोनदा सराव, आणि एरवी ज्याला वेळ असेल त्याला नेमबाजीवर व्याख्यान. मला निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ होता.

नऊ मार्च २०२० ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले. बावीसला जनता कर्फ्यू झाला आणि पंचवीसपासून देश बंद. बालेवाडीचं क्रीडासंकुलही शांत झालं. ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं आणि देशभरच्या नेमबाजांनी घराच्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवून कोरडा सराव सुरू केला. कोरडा म्हणजे छर्रा न भरता. रायफल उचलायची, नेम धरायचा, चाप दाबायचा, पुन्हा खाली ठेवायची.

अण्णांनीही तेच केलं. स्पर्धेत छऱ्याच्या रायफलचं अंतर दहा मीटर असतं. अण्णांच्या घरात हॉलच्या गॅलरीपासून स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीपर्यंत कसेबसे आठ भरत. वहिनींच्या साखरेच्या डब्याच्या वर ठिपका लागला. "एवढी वर्षं संसार केला, आता माझ्या डोक्यावरून नेम धरतात," असं वहिनी फोनवर माझ्या पत्नीला सांगत. रायफल रिकामी आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी सरावाच्या वेळी कुणीही समोर यायचं नाही हा अण्णांचा नियम होता, आणि त्या अर्ध्या तासात चहा मिळत नसे.

अण्णांचं म्हणणं असं की, नेमबाजी हा हालचालीचा नव्हे, थांबण्याचा खेळ आहे. त्या निशाणाचा सर्वांत आतला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या टोकाएवढा. पाच किलोच्या आसपासची रायफल तोलून त्यावर स्थिर व्हायचं तर छातीचे ठोकेसुद्धा आड येतात. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं आणि त्या थांबण्यात बोटाने आपलं काम करायचं. मन तयार नसेल तर रायफल खाली ठेवायची. "चाप न दाबता रायफल खाली ठेवता आली, की मुलगा नेमबाज झाला," ते म्हणत. टाळेबंदीत घरी बसून चिडचिड करणाऱ्या माझ्यासारख्याला हे फोनवर ऐकवलं जाई.

त्याच दिवसांत त्यांना अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. तिकडे बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. टॉयलेट पेपर, सॅनिटायझर आणि पिस्तूल. सरकारी मार्गदर्शनातही बंदुकीच्या दुकानातले कामगार अत्यावश्यक सेवेच्या यादीत आले. त्या एका वर्षात बंदूक खरेदीसाठी आणि परवान्यासाठी होणाऱ्या तपासण्यांचा आकडा जवळजवळ चार कोटींवर गेला. आधीच्या वर्षी तो दोन कोटी चौऱ्याऐंशी लाखांच्या आसपास होता. पुतण्याने विचारलं, "काका, सगळे घेताहेत. मी कोणतं घेऊ?" आता अण्णा तासभर बोलणार असं वहिनींना वाटलं. अण्णा म्हणाले, "तांदूळ घे. औषधं घे. आणि शेजाऱ्याचा फोन नंबर घे. विषाणूवर नेम धरता येत नाही रे. हातात बंदूक असली की माणूस नेम धरायला कुणीतरी शोधतो."

साथ आणि बंदूक हे शब्द एकत्र आले की पुणेकराला एकच तारीख आठवते. २२ जून १८९७. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेब आला. गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांची अप्रतिष्ठा झाली. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी करणारा १८७८ चा कायदा होता. तरीही व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, आज जिथे विद्यापीठ आहे त्या गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतणाऱ्या बग्ग्यांवर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड जुलैच्या तीन तारखेला गेला. पुढे तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. चापेकरांच्या गोळीचा हिशेब अपमानाशी होता, रोगाशी नव्हता, आणि ते जाणूनच पुण्याने त्यांना आपलं मानलं. पण रोगाचा हिशेब वेगळाच चालू राहिला. उन्हाळ्यात ओसरलेला प्लेग त्याच वर्षी पुन्हा आला आणि पुढे कित्येक वर्षं येतच राहिला.

त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक मृत्यू झाला होता. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसर भागातल्या, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. साथीशी समोरासमोर झालेली लढाई ही. आणि योगायोग बघा, त्याच हडपसरला लागून असलेल्या मांजरीतून १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे करोनाच्या लशीचे पहिले ट्रक बाहेर पडले. ट्रकसमोर नारळ फुटला तेव्हा अण्णांनी मला टीव्ही लावायला सांगितलं. "हा बार बसला बघा," एवढंच बोलले.

इथवरची गोष्ट हसतखेळत सांगता येते. पुढची सांगायला अण्णांनी मला चार वर्षांनी परवानगी दिली.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. पुण्यात प्राणवायूच्या खाटेसाठी फोनवर फोन आणि रेमडेसिव्हिरसाठी उन्हात रांगा. वहिनींना ताप आला, ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली यायला लागला आणि दोन दिवसांच्या धावपळीनंतर एका इस्पितळात जागा मिळाली. आत कुणाला सोडत नव्हते. मुलगा बंगळूरला अडकलेला. अण्णा घरी एकटे. दाराशी डबा ठेवून आम्ही मागे सरकत होतो. दिवसातून एकदा इस्पितळातून फोन येई. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

"रात्री दोनला मी कपाटासमोर उभा होतो," अण्णा म्हणाले. "किल्ली हातात होती. किती वेळ, ते माहीत नाही. काय मनात होतं, तेही विचारू नका. फक्त एवढं कळलं, की आपल्याला रायफल खाली ठेवायची शिकवण आहे आणि हे तिथलंच काम आहे."

सकाळी साडेआठला त्यांनी मास्क लावला, परवाना आणि रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं आणि पोलीस ठाणं गाठलं. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची हत्यारं जमा करून घेतात, तेव्हा ही वाट त्यांच्या पायाखालची होती. पण ते दिवस निवडणुकीचे नव्हते. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "काय कारण लिहू?" अण्णा म्हणाले, "लिहा, घरी एकटा आहे." हवालदाराने वर पाहिलं. मग काही न बोलता पायाने एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बसा आजोबा. पावती करतो." दुपारी इस्पितळाचा फोन आला. मधल्या गोंधळात तो राहून गेला होता. एकविसाव्या दिवशी वहिनी घरी आल्या.

हे लिहिताना मला अमेरिकेतला आणखी एक आकडा आठवतो. २०२० मध्ये तिथे बंदुकीच्या गोळीने पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त माणसांनी ती गोळी स्वतःवर झाडली होती. दारात चोर येईल म्हणून घेतलेली बंदूक, आणि चोर आलाच नाही. आपल्याकडे बंदुका कमी आहेत, कायदा कडक आहे, म्हणून आपण हा प्रश्न दुसऱ्याच्या घरचा समजतो. पण कोकणात रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत, बागायतदारांच्या आणि बिल्डरांच्या कमरेला पिस्तुलं आहेत, आणि लग्नाच्या वरातीत बार काढणारे हौशीही आहेत. परवाना हा संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचा दागिना झाला आहे. दागिना तिजोरीत पडून राहतो, आणि घर अडचणीत आलं की पहिली आठवण दागिन्याचीच होते.

मी जन्मभर बँकेत काढला, म्हणून हिशेबाचीच भाषा मला येते. पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याला दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे हे सरकार दर वर्षी तपासतं. खातेदाराची ओळखपत्रं बँक ठरावीक मुदतीने पुन्हा मागते. बंदुकीचा परवाना देताना पोलीस चौकशी होते, २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचीही अट घातली, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली. हे सगळं योग्यच झालं. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. पाच वर्षांत माणूस तोच राहतो का? नोकरी जाते, कर्ज होतं, जोडीदार जातो, साथ येते. परवान्यावरचा फोटो मात्र तसाच हसत असतो.

म्हणून दोनतीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. परवानाधारकाची विचारपूस वर्षातून एकदा व्हावी, धाक म्हणून नव्हे, त्या हवालदाराने स्टूल सरकवलं तशी. संकटाच्या काळात हत्यार जमा करायला कुणी आलं तर त्याला दहा प्रश्न न विचारता पावती मिळावी, आणि जमा करणं ही नामुष्की समजली जाऊ नये. घरातल्या माणसांना कपाटात काय आहे आणि किल्ली कुठे आहे हे ठाऊक असावं. मन खचलं असेल, तर किल्ली काही दिवस दुसऱ्याच्या हाती देण्यात कमीपणा नाही. आणि तसं मन खचलेलं माणूस आपल्या माहितीत असेल, तर दाराशी डबा ठेवून मागे सरकताना दोन शब्द बोलावेत. आम्ही सगळे डबा ठेवत होतो. बोलायचं मात्र आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

ज्या पोरांना बंदुकीचं वेड आहे त्यांना मैदान द्यावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं. त्या दिवशी आमच्या सोसायटीतली सात मुलं अण्णांच्या दारात उभी राहिली. अण्णांनी पहिले पंधरा दिवस त्यांना रायफलला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहायला आणि श्वास मोजायला लावलं. चार टिकली.

रिव्हॉल्व्हर अण्णांनी परत आणलंच नाही. रीतसर विकून टाकलं आणि परवानाही सोडला. २०२१ च्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पाटावर कारखान्यातला जुना पाना, वहिनींची विळी आणि छऱ्याची रायफल अशी पूजा मांडलेली होती. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि मग आत जाऊन ऑक्सिमीटर आणून रायफलीच्या शेजारी ठेवला.

"हे हत्यार कसलं?" अण्णांनी विचारलं.

"ह्याने मला वाचवलं," वहिनी म्हणाल्या, "आणि ह्याच्यावर नेम धरत बसू नका. चहा गार होतोय."