वेडा राजा?

बव्हेरियाचा दुसरा लुडविग म्हटलं की पुढे 'वेडा राजा' हे शब्द ठरलेले. परीकथेतला वाटावा असा तो डोंगरावरचा पांढरा किल्ला, नॉयश्वानस्टाइन, त्याचाच. मीही त्याला वर्षानुवर्षं वेडाच समजत होते. पण त्याला वेडा कसं ठरवलं ते वाचलं आणि चरकलेच.

१८६४ साली, वयाच्या १८व्या वर्षी तो गादीवर आला. दोनच वर्षांत प्रशियाकडून हार, आणि १८७१ पासून बव्हेरिया जर्मन साम्राज्यात. खरी सत्ता गेली, तसा हा स्वप्नात रमला. दिवसा झोपायचं, रात्री बर्फातून घसरगाडीने हिंडायचं आणि किल्ले बांधायचे. तेही सरकारी तिजोरीतून नाही, स्वतःच्या नेमणुकीतून आणि कर्जातून! कर्ज गेलं १ कोटी ४० लाख मार्कांच्या घरात. मंत्री आवरायला लागले, तर हा मंत्रीच बदलायला निघाला.

जून १८८६ मध्ये चार मनोविकारतज्ज्ञांनी तो वेडा आहे, बरा होणार नाही, असा अहवाल दिला. त्यासाठी एकानेही त्याला तपासलं नव्हतं. आधार काय, तर नोकरचाकरांच्या जबान्या. पाच दिवसांनी राजा आणि त्या चौघांतले प्रमुख डॉ. गुडन, दोघांची प्रेतं श्टार्नबेर्गच्या तळ्यात सापडली.

आणि पुढचा राजा कोण? धाकटा भाऊ ओटो, जो कित्येक वर्षं वेडा म्हणूनच बंदिस्त होता! कारभार काका लुइटपोल्डकडे, आणि ओटो १९१३ पर्यंत नावाचा राजा. म्हणजे अडचण वेडाची नव्हतीच.

लुडविगचं मन खरंच आजारी होतं का, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते तो चांगला राजा नव्हता. हट्टी, उधळ्या, प्रजेला तोंड न दाखवणारा. पण मग हेच आरोप ठेवायचे ना! त्यांना उत्तर देता येतं. वेडाच्या आरोपाला उत्तर नसतं. जितकं बोलाल तितके जास्त वेडे ठरता.

तो गेल्यावर सात आठवड्यांत शहाण्यांनी त्याच्या किल्ल्याला तिकीट लावलं. २०२५ साली तोच किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

न पटणाऱ्या माणसाला 'चक्रम' म्हणून आपणही मोकळे होतोच की. यापुढे तसं म्हणण्याआधी निदान एकदा त्याच्याशी बोलेन म्हणते.

असो.