बॉक्स कशाचा, तेही सांगा

माझा एक जुना विद्यार्थी मागच्या जूनमध्ये घरी आला. त्याची नजर लहानपणीच गेली. दहावीपर्यंत उर्दू शाळेत माझ्याकडे होता, आता अमरावतीला बीए करतो. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. मी म्हटलं, "फोन दे, पाच मिनिटांत भरून देतो." तो म्हणाला, "नहीं सर, मैं भरूंगा. आप बस बाजू में बैठो."

मी बसलो. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, सुरू झाला. "एडिट बॉक्स." त्याने बोट सरकवलं. "एडिट बॉक्स." पुन्हा सरकवलं. "एडिट बॉक्स." तो हसला. "सर, मशीन बोलती है एडिट बॉक्स. किसका बॉक्स, ये नहीं बोलती."

मला तर सगळं दिसत होतं. पहिला रकाना अर्जदाराच्या नावाचा, दुसरा वडिलांच्या, तिसरा वार्षिक उत्पन्नाचा. पण ही नावं रकान्याशेजारी नुसती छापलेली होती, कोडमध्ये रकान्याशी जोडलेली नव्हती. डोळे शेजारचं बघून अंदाज बांधतात. यंत्राला तसा अंदाज बांधता येतोच असं नाही. पुढे एक रकाना चुकला, तर चूक फक्त लाल चौकटीने दाखवली, आवाज गप्प. शेवटी कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरं आली. ती ऐकायची सोयच नव्हती. ती मी वाचून सांगितली आणि फॉर्म गेला. जाताना तो थँक्यू म्हणाला, पण चेहरा पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. उत्तर मिळालं, "सर, त्यांच्या स्क्रीन रीडरची सेटिंग चेक करायला सांगा."

या एका वाक्यासाठी आजचा हा लेख.

सेटिंग बदलून जे मुळात लिहिलेलंच नाही ते ऐकू येईल का? रकान्याला नावच दिलं नसेल, तर फोन ते आणणार कुठून? आणि किती लोक सेटिंग बदलतात? आपण डोळस माणसं नवा फोन घेतो आणि रिंगटोन सोडली तर वर्षानुवर्षं काही बदलत नाही. डीफॉल्ट म्हणजे डब्यातून काढल्यावर जशी असते ती सेटिंग, आणि बहुतेकांचं आयुष्य तिच्यावरच चालतं. फॉर्म करणाऱ्याने तीच गृहीत धरून काम केलं पाहिजे.

दोन-तीन साध्या गोष्टी सांगतो. सक्तीच्या रकान्यापुढे आपण तारा छापतो. काही स्क्रीन रीडर मूळ सेटिंगमध्ये तो तारा वाचतात, काही गाळतात. "आवश्यक" हा शब्द लिहिला आणि रकान्याला जोडला तर प्रश्नच मिटतो. संगणकावर फॉर्म भरताना अंध माणूस टॅब दाबत एका रकान्यावरून दुसऱ्यावर जातो. दोन रकान्यांच्या मधे "फोटो इतक्या केबीपेक्षा मोठा नको" अशी सूचना सुटी लिहिली असेल, तर टॅब तिच्यावरून उडी मारून पुढे जातो. सूचना वाचलीच जात नाही आणि फॉर्म परत येतो.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपली खास आहे. एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केलं. आपल्याकडचे अनेक अंध विद्यार्थी त्यावरच शिकतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं असेल, तर ते मूळ सेटिंगमध्येच मराठी आवाज लावू बघतं. पण मजकूर मराठी आणि कोडमध्ये भाषा इंग्रजी, अशी पानं पैशाला पासरी आहेत. मग इंग्रजी आवाज मराठी शब्द गिळतो, नाहीतर भलतंच बोलतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर बोलायलाच नको.

अनेक सरकारी संकेतस्थळांवर "स्क्रीन रीडर अॅक्सेस" नावाचं पान असतं. उघडा, तिथे सॉफ्टवेअरची यादी सापडेल: हे घ्या, ते घ्या. म्हणजे दुकानदाराने पायरी उंच बांधायची आणि गिऱ्हाइकाला चांगल्या चपला कुठे मिळतात ते सांगायचं.

कायदा तर केव्हाच झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन याचिकांवर एकत्र निकाल दिला. एक प्रज्ञा प्रसून आणि अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या इतरांची. केवायसी करताना यंत्र म्हणतं पापणी मिचकावा, आणि ज्यांच्या पापण्याच जळल्या त्यांनी काय करावं? दुसरी अंध वकील अमर जैन यांची. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि 20 निर्देश दिले. निकाल दिल्लीत झाला. परतवाड्याच्या पोराच्या फोनमध्ये तो अजून यायचा आहे.

लोक म्हणतात, "एवढं काय, कोणीतरी भरून देतंच की." देतं. पण त्या कोणाच्यातरी हातात ओटीपी जातो, बँकेचं खातं जातं, घरचं उत्पन्न जातं. आमच्या भागात चांदूरबाजारजवळ माधानचे गुलाबराव महाराज होऊन गेले. तान्हेपणीच दृष्टी गेलेली, 1881 ते 1915 एवढंच आयुष्य, आणि त्यात ग्रंथांचा डोंगर उभा केला. लोक त्यांना वाचून दाखवत, ते सांगत आणि लोक लिहून घेत. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेल्या अंध माला पापळकर 2024 मध्ये एमपीएससीची परीक्षा पास झाल्या. आपण पेपरात वाचून कौतुक केलं. पण अशी परीक्षा द्यायची तर अर्जही ऑनलाइनच करावा लागतो, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला?

आता आपल्या घरातलं. मोहल्ल्यातल्या आम्ही काही जणांनी जकातीच्या पैशातून मुलांच्या फीसाठी मदत सुरू केली. गुगल फॉर्म मीच बनवला. वर सुंदर नस्तालीकमध्ये इनपेजवर केलेलं पोस्टर लावलं. अटी, कागदपत्रं, शेवटची तारीख, सगळं त्या चित्रात. याच मुलाला मी विचारलं, तू अर्ज का नाही केलास? म्हणाला, "ऊपर सिर्फ इमेज बोलता था सर. मैं समझा कोई इश्तेहार है."

म्हणजे ज्या चुकीसाठी मी फोनवर तावातावाने बोललो होतो, तीच माझ्या हातून झाली होती. आपल्या मशिदी, मदरसे, ट्रस्ट यांच्या बहुतेक सूचना अशाच चित्रातून फिरतात. आपण अंध माणसाला अदबीने "हाफिजजी" म्हणतो, आणि त्याला वाचता येणार नाही असा कागद पाठवतो. सूरह अबस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुरेशच्या सरदारांशी बोलणं चालू असताना अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम काही शिकायला आले, आणि त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही, त्यावर वही उतरली. पुढे तेच मदिन्यात अजान देत. आपण ही सूरह मुलांना पाठ करायला लावतो. फॉर्म बनवताना तिची आठवण यायला हवी.

मी पोस्टर ठेवलं, पण त्यातला सगळा मजकूर खाली युनिकोड उर्दूत आणि मराठीत टाइप केला. अर्धा तास लागला.

तुम्हीही एक करा. शाळेचा, ट्रस्टचा, लग्नाच्या बायोडाटाचा, कुठलाही फॉर्म तुम्ही बनवला असेल तर फोनमध्ये टॉकबॅक सुरू करा (बंद कसा करतात ते आधी शिकून घ्या, मी पहिल्यांदा घाबरलो होतो), डोळे मिटा आणि सेटिंग न बदलता तो भरून बघा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा.

आमची अम्मी दुआ मागायची, अल्लाह किसी का मोहताज न करे. मला वाटायचं, ती म्हातारपणाची दुआ आहे. त्या दिवशी तो मुलगा "आप बस बाजू में बैठो" म्हणाला, तेव्हा तोही तेच मागत होता. शेवटी कॅप्चा मलाच वाचावा लागला.