कापूस आमचा, साखळी कुणाची?

दिवाळीचे दिवे मालवतात आणि शिरपूर तालुक्यातील शेतशिवारे पांढरीशुभ्र दिसू लागतात. वेचणीला मजूर मिळविण्याची धावपळ सुरू होते, घरोघरी कापसाच्या राशी लागतात आणि खेडा खरेदीची वाहने गावोगाव फिरू लागतात. काट्यावर माप होते, रक्कम हाती पडते आणि भरलेली गाडी मुंबई-आग्रा महामार्गाला लागते. कोणी सातपुडा ओलांडून सेंधव्याकडे वळते, तर कोणी थेट गुजरात गाठते. शेतकऱ्याच्या लेखी व्यवहार येथे संपतो. वस्तुतः खरा व्यवहार येथूनच सुरू होतो.

'पुरवठा साखळीचे व्यवस्थापन' हा शब्द अलीकडे वारंवार कानांवर पडतो. तो व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांचा विषय आहे, असे समजून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. पण त्याचा अर्थ अगदी साधा आहे. कच्चा माल जेथे निर्माण होतो तेथपासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत जेवढे हात लागतात, ते सारे एकाच साखळीच्या कड्या असतात. या साखळीतून तीन गोष्टी वाहतात. माल पुढे जातो, पैसा मागे येतो आणि माहिती दोन्ही दिशांना फिरते. यांपैकी एकही प्रवाह अडला, तर साऱ्या साखळीला त्याचा फटका बसतो.

कापसाचेच गणित पाहू. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते आणि उरलेल्या भागात बहुतांश सरकी असते. म्हणजे १७० किलोची एक गाठ बांधायची, तर सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचे कपडे. सरकीचे तेल आणि जनावरांसाठी पेंड. प्रत्येक पायरीवर मूल्य वाढते आणि कुणाच्या तरी हाताला काम मिळते. आपण मात्र कच्चा कापूस गाडीत भरून मोकळे होतो. रुईही गेली, सरकीही गेली. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण जणू आपल्यासाठीच तयार झाली असावी!

साखळीचा दुसरा धडा साठ्याचा. कापूस येतो मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात. सूतगिरणीच्या चात्या मात्र बारा महिने फिरल्या पाहिजेत. मग मधल्या काळासाठी माल कुणी सांभाळायचा आणि त्यात भांडवल कुणी गुंतवायचे? साठा जास्त झाला तर व्याज नफा खाते. कमी पडला तर यंत्रे थांबतात आणि कामगार घरी बसतो. ज्याच्याजवळ गोदाम आहे, पतपुरवठा आहे आणि पुढील मागणीचा अंदाज आहे, तोच येथे टिकतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याला काढणीच्या पडत्या भावात विकावेच लागते.

तिसरा धडा गुणवत्तेचा. गुणवत्ता कारखान्यात घडते, हा एक भ्रम आहे. वेचणीच्या वेळी खताच्या रिकाम्या गोणीचा प्लास्टिकचा एखादा धागा कापसात मिसळला, तर तो जिनिंगमध्ये सुटत नाही, सुतातही राहतो आणि कापड रंगविल्यावर डाग होऊन दिसतो. शेतातील एका निष्काळजीपणाची किंमत साखळीच्या शेवटच्या कडीला मोजावी लागते आणि ती वसूल होते पुढच्या वर्षीच्या भावातून. २००० साली सुरू झालेले कापूस तंत्रज्ञान अभियान असो, वा २०२० मध्ये जाहीर झालेली 'कस्तुरी कॉटन' ही भारतीय कापसाची मुद्रा असो, स्वच्छ माल हेच त्यांचे सूत्र आहे.

चौथा धडा इतिहासाने खानदेशला स्वतः शिकविला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, जळगावची बाजारपेठ भरभराटीस आली. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि भाव कोसळले. मुंबईतील नामांकित पेढ्या बुडाल्या. दूरच्या एकाच ग्राहकावर विसंबणाऱ्याचे काय होते, याचा हा वस्तुपाठ. मार्च २०२१ मध्ये एकच जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला, तेव्हा हाच धडा जगाने पुन्हा गिरविला. पर्यायी ग्राहक, पर्यायी पुरवठादार आणि पर्यायी मार्ग ही चैन नव्हे, ते व्यवसायाचे संरक्षण आहे.

हे सारे आजच का सांगायचे? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. सुमारे १८ हजार कोटी रुपयांचा हा मार्ग धुळे, नरडाणा, शिरपूर असा जाणार आहे. आजवर नरडाण्यापर्यंत जाऊन आगगाडी पकडणाऱ्या शिरपूरकरांच्या दारात रेल्वे येणार, हा निःसंशय आनंदाचा विषय आहे. पण रेल्वे स्वतः कुणाला श्रीमंत करत नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशात रेल्वे आली, ती येथील कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. रूळ तेच असतात. डब्यात काय भरायचे, हे मात्र आपण ठरवायचे असते. कच्चा कापूस भरायचा, की सूत आणि कापड?

शिरपूरजवळ साखळीच्या कड्या नाहीत, असे मुळीच नाही. या साखळीची पहिली कडी पाणी. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद व खोल करून बंधारे बांधण्याचे जे काम येथे झाले, ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. येथे सहकारी सूतगिरणी उभी राहिली, वस्त्रोद्योगही आला. कड्या आहेत, त्या एकमेकींत नीट अडकविण्याचे काम बाकी आहे.

त्यासाठी प्रत्येकाला आपला वाटा उचलावा लागेल. शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनीच्या माध्यमातून एकत्र येऊन स्वच्छ, एकजिनसी माल द्यावा. व्यापाऱ्याने भावाची माहिती दडवून नव्हे, तर पोचवून विश्वास कमवावा. लहान उद्योगांची देयके ४५ दिवसांच्या आत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या उद्योजकाने ते कर्तव्य मानावे, कारण पैसा अडला की साखळीतील सर्वांत दुबळी कडी आधी तुटते. आणि व्यवस्थापनाची पदवी घेऊन पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या आपल्या मुलांनी एकदा तरी गावच्या जिनिंगची हिशेबाची वही उघडून पाहावी.

साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. ती कडी शोधण्याचे आणि बळकट करण्याचे काम पहिली मालगाडी शिरपूरला येण्याआधी झाले पाहिजे.