रक्तदाब, मधुमेह आणि आपला गल्ला

व्यापारात तोटा दोन प्रकारचा असतो. उधारी बुडाली, माल भिजला, भाव पडला, हा तोटा त्याच दिवशी कळतो. दुसरा तोटा वर्षानुवर्षे आतल्या आत वाढत जातो आणि एके दिवशी दुकानाचे शटर खाली ओढतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, लकवा, तोंडाचा कर्करोग हे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. सरकारी भाषेत त्यांना असंसर्गजन्य आजार म्हणतात. व्यापाराच्या पानावर आजारांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु शिंपी, पिंजारी, मेकॅनिक किंवा बेकरीतला कारागीर यांचे भांडवल म्हणजे त्यांचे दोन हात आणि दोन डोळे होत. तेच निकामी झाले तर बँकेचे कर्जही काही उपयोगाचे नाही.

देशाचे चित्र काय आहे ते आधी पाहू. १९९० साली भारतात होणाऱ्या दर १०० मृत्यूंपैकी सुमारे ३८ मृत्यू या आजारांनी होत. २०१६ मध्ये हे प्रमाण ६२ वर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. हे आता फक्त श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. मोंढ्यातला हमाल आणि आडत्या दोघेही त्यात सापडतात. फरक इतकाच की आडत्या तपासणी करून घेतो आणि हमालाला चक्कर येऊन पडल्यावर कळते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० मध्ये केंद्राने १०० जिल्ह्यांत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे तो देशभर नेला आणि ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह व कर्करोगासाठी तपासणी व्हावी असे ठरले. २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा वेगळा उपक्रम महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला. त्याची पद्धत साधी होती. उपचार ठरावीक, गोळ्यांचा साठा जवळच्याच केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून न आलेल्याला आठवण देणे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मनावर घेतले तर हे काम होऊ शकते.

मग आपला कारागीर त्यात का दिसत नाही?

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर जगतात. कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा योजनेचा दवाखाना असतो, आजारपणाची रजा असते. हातगाडीवाल्या बागवानाला किंवा बांगड्या विकणाऱ्या मणियाराला यांतले काही नाही. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण सेवा प्रामुख्याने सकाळी चालते. त्याच वेळी फळांचा लिलाव असतो, दुकान उघडायचे असते, गिऱ्हाईक दारात असते. दुखत काहीच नाही, मग एका दिवसाची कमाई कोण बुडवील? रक्तदाबाची खोड हीच की तो दुखत नाही.

शस्त्रक्रियेला पैसा, गोळीचे काय?

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज तीच योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार तिच्यातून होतात. अनेक घरे तिने वाचविली आहेत. परंतु ही योजना मूत्रपिंड बिघडल्यावर कामाला येते. ते बिघडू नये म्हणून रोज घ्यावयाची साधी गोळी तिच्यात बसत नाही.

ती गोळी सरकारी केंद्रातून मोफत मिळायला हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे स्वागतार्हच आहे. पण त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू या आजारांचे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु औषधांच्या साठ्याविषयी लोकांच्या मनात संशय राहिला तर मोफत सेवेचा फलक कोणाच्या कामाचा? दोन वेळा केंद्रावरून रिकाम्या हाताने परतलेला शिंपी तिसऱ्यांदा जात नाही. गोळी बंद पडते आणि लकव्याचा दिवस जवळ येतो.

गल्ल्यावरची पुडी

सरकारला प्रश्न विचारताना एक प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २४ टक्क्यांहून अधिक प्रौढ चघळण्याची तंबाखू वापरत होते. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. ती कोणाच्या तरी गल्ल्यामागूनच मिळते. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली आहे. आपल्या वस्तीतील शाळांभोवती एक फेरी मारली तर हा कायदा किती पाळला जातो ते दिसेल.

यावर उत्तर ठरलेले असते, "आम्ही नाही विकले तर शेजारचा विकील." पानाचा व्यवसाय अनेक तांबोळी कुटुंबांचे पोट आहे, हे आम्ही जाणतो. त्यांना एका दिवसात धंदा बदला असे सांगणे सोपे आणि निर्दयपणाचे आहे. पण बंदी असलेला माल आणि लहान मुलांना केलेली विक्री, या दोन गोष्टी आजच सोडता येतात. गिऱ्हाइकाच्या जबड्याचा कर्करोग हा आपल्या नफ्याचा भाग असेल तर तो नफा हलाल कसा म्हणावा?

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, मागणी संघटितपणे करावी. राज्य शासनाने १ मे २०२३ रोजी जे 'आपला दवाखाना' सुरू केले, त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरविली होती. कामकऱ्यांना हीच वेळ सोयीची. असे दवाखाने नांदेडात इतवारा, देगलूर नाका भागात, लातूर व उदगीरच्या कारागीर वस्त्यांत त्या वेळेत खरोखर चालावेत, यासाठी व्यापारी संघटनांनी महापालिका व नगरपालिकांकडे निवेदने द्यावीत आणि पाठपुरावा करावा.

दुसरी, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात महिन्यातून एकदा रक्तदाब व साखरेची तपासणी ठेवावी. आपल्या समाजात डॉक्टर आणि परिचारिका आहेत. त्यांचा एक तास पुरेसा आहे. मात्र तपासणी करून चिठ्ठी हाती देण्यावर थांबू नये. उधारीची वही ठेवतो तशी वही ठेवावी आणि जो पुढच्या महिन्यात आला नाही त्याच्या दारात जावे.

तिसरी, गरजू रुग्णांच्या कायमच्या गोळ्यांसाठी जकातीतून व्यवस्था करावी. जनऔषधी दुकानांत ही औषधे स्वस्त मिळतात. एका बायपासच्या वर्गणीत कित्येक घरांच्या वर्षभराच्या गोळ्या येतील.

चौथी, रमजानआधी मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने सूरह बकरामध्ये दिली आहे. ती नाकारून जीव धोक्यात घालणे ही धार्मिकता नव्हे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण वाजमध्ये अनेकदा ऐकतो. अमानतीचा हिशेब ठेवावा लागतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. तेव्हा व्यापारी व कारागीर बंधूंनो, तीस वर्षे उलटली असतील तर या आठवड्यात एक तास दुकान उशिरा उघडा आणि तपासणी करून घ्या. दुकानात काम करणाऱ्या मुलांच्या वडिलांनाही सोबत न्या.