अपलोड झालं की नाही?

महाराष्ट्रात टेंभुर्णी एकच नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या जालना जिल्ह्यातली जाफराबाद तालुक्यात आहे. पिकाची नोंद सातबाऱ्यावर करण्यासाठीच्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये शेतकरी आधी विभाग निवडतो, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव. एवढ्या वेळा बोट टेकवायचं म्हणजे कटकट वाटते, पण या क्रमामुळेच जाफराबादच्या शेतकऱ्याचा हात चुकून सोलापूरच्या टेंभुर्णीवर पडत नाही. चूक झाल्यावर लाल अक्षरांत ती दाखवण्यापेक्षा ती होऊच द्यायची नाही, हे इंटरफेस डिझाइनमधलं अगदी पायाचं तत्त्व. ते इथे नीट पाळलं आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून हे अ‍ॅप राज्यभर लागू झालं. त्याआधी पीकपेरा तलाठी लिहायचे, गाव नमुना 12 मध्ये. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही गोष्ट मला मनापासून पटते. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सगळ्यांत सातबाऱ्यावरच्या त्या नोंदीचा प्रश्न येतो. म्हणूनच स्क्रीन कशी असावी, हा विषय फक्त शहरातल्या डिझायनरांचा राहत नाही.

अमेरिकी अभ्यासक डॉन नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवरचं पुस्तक 1988 साली आलं. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळत नसेल, तर दोष माणसाचा नाही, दाराचा आहे, हा त्यातला गाभ्याचा विचार. आपल्याकडे मात्र नोंद अडली की उत्तर ठरलेलं: शेतकऱ्यांना मोबाइल कळत नाही. हे मला मान्य नाही. हेच लोक कृषी केंद्रावर क्यूआर कोड स्कॅन करून खताचे पैसे देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवतात. तिथे जमतं आणि इथे अडतं, तर फरक स्क्रीनमध्ये शोधायला हवा.

सगळ्यांत महागात पडणारी अडचण अपलोडची आहे. शेतात रेंज नसेल तरी माहिती भरून ठेवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर ती पाठवता येते. सोय उत्तम आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. त्याने पीक निवडलं, क्षेत्र टाकलं, उभ्या पिकाचा फोटो काढला. त्याच्या मनात काम संपलं. प्रत्यक्षात नोंद अजून त्याच्या खिशातल्या फोनमध्येच आहे. ‘फोनमध्ये आहे’ आणि ‘सरकारकडे पोचली’ या दोन अवस्था डोळ्यांना ठळक वेगळ्या दिसायला हव्यात, आणि पहिली अवस्था संपेपर्यंत अ‍ॅप उघडताच तीच समोर यायला हवी: तुमची नोंद अजून गेलेली नाही, रेंजमध्ये येऊन पाठवा. अ‍ॅपमध्ये गावातल्या खातेदारांची यादी आहे, तिच्यात पाहणी झालेल्यांची नावं हिरवी दिसतात. ही कल्पना मला फार आवडते. अडचण इतकीच की ती यादी मुद्दाम शोधून उघडावी लागते. तोच हिरवा रंग पहिल्याच स्क्रीनवर, माझ्या गटासमोर का नाही?

दुसरी गोष्ट मोजमापाची. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, शेतकरी एकर-गुंठ्यांत. दीड एकर सोयाबीन म्हणजे साधारण 0.60 हेक्टर; हे गणित त्याने बांधावर उभं राहून करायचं, वर सोयाबीनमधल्या तुरीच्या तासांचं क्षेत्र वेगळं काढायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की साठ आरचे सहा आर होतात. ही आकडेमोड यंत्राने करावी, त्याला ती क्षणाचीही नाही. माणसाने दीड एकर म्हणावं.

बटणांच्या आकाराबद्दल थोडक्यात. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. दुपारच्या उन्हात, घामेजल्या बोटाने, पेरणीची तारीख बारीक कॅलेंडरमध्ये निवडताना हे कुणालाही पटेल.

2022 च्या आवृत्तीत दोन मोलाच्या सुधारणा झाल्या. गटापासून लांब उभं राहून फोटो घेतला तर तसा संदेश येऊ लागला, आणि नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. केलेलं मागे घेता येणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. माझ्या मते 48 तास अपुरे आहेत. पुष्कळदा नोंद मुलगा करतो आणि वडील ती आठवड्याने पाहतात. हंगामाची नोंदणी बंद होईपर्यंत दुरुस्ती खुली असावी.

माणसाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर स्क्रीन बेतली की काय होतं, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डवर व्यंजन दाबून धरलं की भोवती मात्रांचं चक्र उमटतं. बाराखडी शाळेत झालेलीच असते.

वापरयोग्यतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं होतं की पाच जणांना नीट पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड होतात. मग टेंभुर्णीच्या शिवारात पाच खातेदार उभे करावेत. त्यात एखादी स्वतः शेती पाहणारी बाई असावी, एखादे नजर कमी झालेले आजोबा असावेत. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी शेजारी गप्प उभं राहून बोट कुठे थबकतं ते पाहावं, मधे सांगू नये. पेरण्या उरकल्या की जुलैच्या सुरुवातीला हे करता येईल. ऑगस्टमध्ये खरिपाच्या नोंदी सुरू होईपर्यंत दुरुस्तीला तीन-चार आठवडे हाताशी राहतात.