खोटं बोला, पण पत्ता पाहून बोला!

आमच्या धंद्यात (सॉफ्टवेअरच्या, दुसरा कुठला!) रोज खोटं बोलावं लागतं. नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तपासायचं तर खोटी दुकानं, खोट्या शाखा, खोटी बिलं रचावी लागतात. त्यालाच टेस्ट डेटा म्हणतात. माझी तक्रार त्या खोटेपणाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती आळशी खोटेपणाबद्दल.

आता बघा. पुणे, नागपूर आणि बेळगावात शाखा असलेली एक कंपनी रचायची आहे. आमचे वीर काय करतात? शहरांची एक यादी घेतात, पिनकोडांची दुसरी, आणि देतात पत्त्यांसारखे पिसून! मग बेळगावची शाखा ४११०३० मध्ये, म्हणजे थेट सदाशिव पेठेत उगवते. जीएसटी क्रमांकाचं तर काय, पंधरा जागा भरल्या की झालं!

अहो, त्या पंधरा जागांना अर्थ आहे. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं कंपनीच्या पॅनची, म्हणजे तिन्ही शाखांना तीच. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं. एकाच नोंदणीखाली पुण्याचा माल नागपूरला हलवला तर कर नाही. तोच बेळगावला स्वतःच्याच शाखेत पाठवला तर आयजीएसटी. शहर, पिन, राज्य, कर ही सगळी एका माळेतली. माळच तुटलेली असेल तर तपासलं काय?

"चालतं रे, टेस्टिंगच तर आहे!" नाही चालत. खोट्या डेटात जे निसटलं, ते खऱ्या दुकानदाराच्या बिलात उगवतं. मग कर सल्लागाराकडे खेटे तो घालतो, आपण नाही.

यावर काही हुशार मंडळी खऱ्या गिऱ्हाइकांचाच डेटा उचलून वापरतात. हे तर त्याहून वाईट. लोकांनी नाव, फोन, उलाढाल विश्वासाने दिली ती धंद्यासाठी, कुणा शिकाऊ पोराच्या लॅपटॉपवर फिरण्यासाठी नव्हे.

श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा अंकांत त्यांनी अख्खा देश बसवला. आपल्याला तीन शहरं नीट बसवता येऊ नयेत?

असो. पटत नसेल तर जरूर भांडा.