मंडळाच्या खोक्यातला स्टेपलर

आपल्या बऱ्याच घरांत भारतातून आणलेला छोटा दहा नंबरचा स्टेपलर असतो. त्याच्या पिना मलिंगारमध्ये मला तरी कधी मिळाल्या नाहीत. इथे मिळतात त्या २४/६ किंवा २६/६ : पहिला आकडा तारेच्या जाडीचा, दुसरा पिनेच्या पायाची लांबी, ६ मिलिमीटर. म्हणून सुट्टीवरून येताना बॅगेत पिनांच्या डब्या येतात. मागच्या टोकाने पिना उपटताही येतात, हे मान्य.

पण दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिका टाचायचं काम आपण कोणाला देतो? भारतातून आलेल्या आजी-आजोबांना, कारण ते 'बसून करायचं काम'. साध्या स्टेपलरमध्ये पिन कागदात घुसवायचा सगळा जोर अंगठ्याचा आणि तळव्याचा. गेल्या वर्षी साठ-सत्तर पत्रिका झाल्यावर माझ्या आईने गुपचूप हात बदलला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं."

आता स्प्रिंगचे स्टेपलर मिळतात. आपण दाबतो तसा जोर आतल्या स्प्रिंगमध्ये साठत जातो, शेवटी ती सुटते आणि तिचा फटका पिनेला बसतो. दोन बोटंही पुरतात. काहींत पिनेचे पाय अगदी सपाट दुमडतात, त्यामुळे गठ्ठ्याचा कोपरा फुगत नाही.

मंडळाच्या खोक्यात असा एक तरी हवाच. थोडा महाग पडेल, पण रांगोळीच्या रंगांना आपण कधी किंमत विचारतो का? दहा नंबरवाला घरी राहू दे, मुलांच्या प्रोजेक्टसाठी.